आई आणि मुलगी, चिठ्ठी एकच : उतारवयातील नैराश्याच्या औषधयोजनेचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण ७४ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत. ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, कुटुंबातील नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. औषधे, त्यांच्या मात्रा, तपासण्यांचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणातून जे कळते ते मुख्यतः त्या क्रमातूनच कळते.

पतीच्या निधनाला सात महिने झाले होते. पहिले तीन-चार महिने त्या दुःखात असल्या तरी दिनक्रम सांभाळून होत्या. त्यानंतर जेवण कमी होत गेले, वजन सुमारे सहा किलोने उतरून ४६ किलोवर आले, पहाटे तीनला जाग येऊ लागली आणि "मी उगाच सगळ्यांवर भार झाले आहे" असे त्या वारंवार म्हणू लागल्या. त्यांनी वाचन सोडले होते, आणि ज्या बहिणीशी रोज फोनवर बोलत तिचा फोनही त्या उचलत नव्हत्या. हे केवळ दुःख नव्हते, उपचारांची गरज असलेले नैराश्य होते, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ते वेळीच ओळखले ही या प्रकरणातील एक जमेची बाजू होती. उतारवयातील नैराश्य "या वयात असे होणारच" म्हणून सोडून दिले जाण्याचे प्रमाण आजही फार मोठे आहे.

आधीपासून त्यांना चार औषधे चालू होती. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड हे थायाझाइड गटातील, लघवी वाढवणारे औषध, अल्प मात्रेतील ॲस्पिरिन, लघवीची घाई होते म्हणून दीड वर्षापूर्वी सुरू केलेले ऑक्सिब्युटिनिन, आणि गुडघे दुखले की स्वतःच आणून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी. चौथ्या औषधाची नोंद कोणत्याही कागदावर नव्हती.

पहिली औषधयोजना

त्यांच्या मुलीला, वय ३६, तीन वर्षांपूर्वी नैराश्य आणि तीव्र चिंतेचा त्रास झाला होता. तेव्हा याच डॉक्टरांनी तिला नैराश्यावरील एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि चिंता शमवणारे, झोप आणणारे क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी दिली होती, आठवड्याभराने एकाच्या दोन केल्या होत्या, आणि दीड महिन्यात ती कामावर परतली होती. पुढे क्लोनाझेपाम हळूहळू बंद झाले आणि नऊ महिन्यांनी एस्सिटालोप्रामही. आईने हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे स्वतःवर वेळ आली तेव्हा "हिला दिली होती तीच गोळी मला द्या" असे त्यांनीच सुचवले, आणि डॉक्टरांनाही ते सोयीचे वाटले. कुटुंबातील एखाद्या व्यक्तीला एखादे औषध मानवले असेल तर ते दुसऱ्याच्या निवडीत विचारात घेणे चुकीचे नाही; मनोविकारांच्या उपचारात तशी पद्धतही आहे. पण त्या आधारावर फार तर औषधाचे नाव निवडता येते. मात्रा त्यावरून ठरत नाही.

पहिला आठवडा रात्री एक गोळी, मग दोन, आणि महिन्याने पुन्हा दाखवायचे अशी योजना झाली. चिठ्ठीवरील शब्द आणि आकडे मुलीच्या जुन्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होते. शरीर मात्र वेगळे होते, आणि ते किती वेगळे होते हे थोडे थांबून पाहायला हवे.

वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते. चरबीत विरघळणारी औषधे त्यामुळे शरीरात जास्त पसरतात आणि बाहेर पडायला जास्त वेळ घेतात. डायझेपाम हे याचे ठळक उदाहरण आहे : विशीतल्या व्यक्तीत त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात तोच काळ ८० तासांच्या आसपास जातो. यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, आणि मेंदू त्याच मात्रेला अधिक तीव्र प्रतिसाद देतो. एस्सिटालोप्रामच्या बाबतीत ज्येष्ठ व्यक्तींच्या रक्तातील एकूण औषध आणि त्याचा टिकून राहण्याचा काळ हे दोन्ही सुमारे ५० टक्क्यांनी वाढतात. म्हणूनच ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी दिवसाला १० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली. त्याच कुळातील सिटालोप्रामसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये साठीपुढे २० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली, तर तरुणांसाठी ती ४० आहे. यामागचे मुख्य कारण हृदयाच्या विद्युतलयीवर होणारा परिणाम हे आहे. या रुग्णाला दुसऱ्या आठवड्यापासून मिळणारी मात्रा तिच्या वयाच्या मर्यादेच्या दुप्पट होती.

जोडगोळीचा प्रश्न आणखी वेगळा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तोच आहे. दोन औषधे एकाच गोळीत असली की एकाची मात्रा वाढवताना दुसऱ्याचीही वाढते. नैराश्यावरील औषध वाढवण्याचा हेतू होता. पण त्याबरोबर क्लोनाझेपाम ०.५ वरून १ मिलिग्रॅमवर गेले, ज्याची कोणालाच गरज वाटलेली नव्हती. हे औषध निम्मे व्हायला साधारण ३० ते ४० तास घेते, म्हणजे रोज रात्रीची मात्रा आदल्या रात्रीच्या उरलेल्या औषधावर चढते आणि ही चढण स्थिरावायला तरुण शरीरातही आठवडा जातो.

अडचण कशी उभी राहिली

दहाव्या-बाराव्या दिवशी त्या दिवसाही पेंगू लागल्या आणि चालताना भिंतीचा आधार घेऊ लागल्या. घरच्यांनी याचा अर्थ "इतक्या महिन्यांची झोप भरून निघते आहे" असा लावला. मुलीलाही सुरुवातीला अशीच पेंग आली होती आणि ती आपोआप गेली होती, त्यामुळे काळजीचे कारण दिसले नाही. तिसऱ्या आठवड्यात मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत चित्र झपाट्याने बदलले. संध्याकाळी त्या दिवंगत पतीच्या औषधांची वेळ झाली का असे विचारू लागल्या, सकाळी मात्र बऱ्यापैकी नीट बोलत. एका रात्री लघवीसाठी उठताना त्या पडल्या आणि कपाळाला मार लागला.

महिन्याची भेट अजून आठवड्यावर होती. घरच्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले. मेंदूचा स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, वयानुरूप आकुंचन होते. त्यावरून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगून डोनेपेझिल आणि रात्रीच्या अस्वस्थतेसाठी क्वेटियापिन हे मनोविकारविरोधी औषध लिहून देण्यात आले. रक्ताची तपासणी झाली नाही. मुलीने ही दोन्ही औषधे विकत घेतली, पण सुरू केली नाहीत. "गेल्या महिन्यापर्यंत आई बँकेचा सगळा हिशोब स्वतः ठेवत होती. तीन आठवड्यांत माणूस असा विसरतो का?" हा तिचा प्रश्न होता, आणि तो घेऊन ती आईला आमच्या रुग्णालयात घेऊन आली. पुढचे अनेक धोके टळले ते तिच्या या प्रश्नामुळे.

निदानाचा पेच

दाखल झाल्यावर परिचारिकेने अगदी साधी चाचणी घेतली. "आजी, वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणून दाखवता का?" त्यांनी डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर म्हटले, मग बोटाला लावलेल्या यंत्राच्या लाल दिव्याकडे पाहत राहिल्या आणि थोड्या वेळाने "शाळा कधी उघडणार?" असे विचारले. आयुष्यभर शिकवलेल्या बाईंना महिने माहीत नव्हते असे नाही. त्यांचे लक्ष एका जागी टिकत नव्हते. स्मृतिभ्रंशात स्मरणशक्ती महिन्या-वर्षांच्या गतीने ढासळते आणि सुरुवातीच्या टप्प्यात लक्ष बरेचसे शाबूत असते. काही दिवसांत उद्भवलेला, दिवसभरात कमीजास्त होणारा आणि लक्ष विचलित करणारा गोंधळ म्हणजे संभ्रमावस्था, ज्याला रुग्णालयात सर्रास डेलिरियम म्हणतात. तिच्यामागे बहुतेक वेळा शारीरिक किंवा औषधजन्य कारण असते आणि ते शोधणे हे तातडीचे काम असते.

मुलीला घरातील सर्व औषधे, डब्यातली, पर्समधली, उशाखालची, एका पिशवीत घालून आणायला सांगितले. पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा डायक्लोफेनॅकची अर्धी संपलेली पट्टी प्रथमच कोणा डॉक्टरांच्या नजरेस पडली.

रक्तातील सोडियम १२१ मिलिमोल प्रति लिटर होते, म्हणजे मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळ घडवण्याइतके कमी. आठ महिन्यांपूर्वीच्या एका तपासणीत ते १३५ होते, म्हणजे सामान्य मर्यादेच्या अगदी खालच्या काठावर. एस्सिटालोप्रामसारखी, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम वाढवतात आणि त्यामुळे सोडियम पातळ होते. वाढलेले वय, स्त्री असणे, कमी वजन आणि थायाझाइड गटातील औषध हे या दुष्परिणामाचे सर्वांत परिचित धोके आहेत, आणि तो बहुधा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत दिसतो. हे चारही धोके या रुग्णात पहिल्या दिवसापासून होते. वेदनाशामक गोळीने त्यात भर घातली.

मूत्रपिंडांचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनिन ०.९ होते आणि अहवालात त्यापुढे "सामान्य" असे छापलेले होते. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते आणि ज्या शरीरात स्नायूच थोडे उरले आहेत तेथे हा आकडा फसवा ठरतो. वय, वजन आणि लिंग धरून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशोब केला तर त्यांच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला ४० मिलिलिटरच्या आसपास येते. ६० किलो वजनाच्या, ३६ वर्षांच्या मुलीचे क्रिएटिनिन तेवढेच, म्हणजे ०.९ असेल, तर तिची क्षमता सुमारे ८२ येते. आकडा तोच असून क्षमता निम्मी असते. एस्सिटालोप्राम मुख्यत्वे यकृतातून जाते, त्यामुळे येथे या फरकाने संकट ओढवले नाही. पण याच रुग्णाला लिथियम किंवा प्रेगाबॅलिन ही मूत्रपिंडांतून बाहेर पडणारी औषधे द्यायची असती तर "सामान्य" हा एक शब्द घातक ठरला असता. थायाझाइड आणि डायक्लोफेनॅक ही दोन्ही औषधे लिथियमची रक्तातील पातळी चढवतात, हेही या संदर्भात नोंदवायला हवे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय तातडीचा होता : काय थांबवायचे आणि कोणत्या वेगाने. सगळेच एकदम बंद करावे असे एक मत होते आणि वरवर पाहता ते सुरक्षित वाटत होते. एस्सिटालोप्राम तीनच आठवडे घेतलेले होते आणि सोडियम धोक्याच्या पातळीवर होते, त्यामुळे ते तत्काळ थांबवण्याबद्दल दुमत नव्हते. थायाझाइड, डायक्लोफेनॅक आणि ऑक्सिब्युटिनिन यांचेही तसेच. क्लोनाझेपाम मात्र एकाएकी तोडले तर अस्वस्थता, निद्रानाश आणि क्वचित आकडीचे झटके येऊ शकतात, आणि सोडियम कमी असताना झटक्यांचा धोका आधीच वाढलेला असतो. म्हणून ते निम्म्यावर आणून पुढे टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरले.

दुसरा निर्णय लिहून दिलेल्या नव्या दोन औषधांबाबत होता. डोनेपेझिल मेंदूतील ज्या रसायनाचे प्रमाण वाढवते त्याच रसायनाला ऑक्सिब्युटिनिन अडवते. एकाच व्यक्तीला ही दोन्ही देणे म्हणजे एकमेकांविरुद्ध काम करणारी औषधे देणे. क्वेटियापिनसारख्या औषधांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये ठळक इशारा दिला होता. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांवरील १७ चाचण्यांत, साधारण दहा आठवड्यांच्या काळात, औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४.५ टक्के तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांमध्ये २.६ टक्के होते. २००८ मध्ये हा इशारा जुन्या मनोविकारविरोधी औषधांनाही लागू झाला. आमच्या रुग्णाला स्मृतिभ्रंश असल्याचा पुरावाच नव्हता, त्यामुळे दोन्ही औषधे सुरू न करण्याचा निर्णय सोपा होता. पण समजा ती सुरू झाली असती, तर पेंग आणि पडणे वाढले असते आणि त्यासाठी आणखी एखादे औषध आले असते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देणे ही साखळी ज्येष्ठांच्या चिठ्ठीत इतकी नकळत वाढते की तिचा पहिला दुवा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

खरा कठीण निर्णय तिसरा होता. सोडियम सावरल्यावर आणि गोंधळ ओसरल्यावर नैराश्यावरील उपचार पुन्हा सुरू करायचे की नाही? एका ज्येष्ठ फिजिशियनचे मत होते की या वयात मनोविकाराची औषधे नकोतच. माणूस वाचला हे पुरेसे आहे. घरच्यांचीही इच्छा तशीच होती, आणि जे घडले त्यानंतर ती समजण्यासारखी होती. मला मात्र हे मत मान्य नव्हते. ज्या नैराश्यात माणूस सहा किलो घटतो आणि स्वतःला भार समजतो ते आपोआप बरे होईल यावर विसंबणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचा धोका गोळीच्या धोक्यापेक्षा कमी आहे असे गृहीत धरता येत नाही. उतारवयात आत्महत्येचे प्रयत्न संख्येने कमी असले तरी त्यांतून मृत्यू होण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा बरेच जास्त असते. तिशीतल्या व्यक्तीला जास्त मात्रा देऊन जे बिघडते ते चटकन दिसते. सत्तरीतल्या व्यक्तीला उपचार न देऊन जे बिघडते ते महिनोन्‌महिने घडत राहते आणि "वय झाले" या दोन शब्दांखाली झाकले जाते.

औषध द्यायचे ठरले तर कोणते, यावर बरीच चर्चा झाली. तेच एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅमपासून पुन्हा देता आले असते, पण सोडियम पुन्हा घसरण्याची शक्यता खरी होती. नॉरट्रिप्टिलिन हा जुना आणि परिणामकारक पर्याय होता, तरी हृदयाची लय आणि बद्धकोष्ठ यांचा विचार करता तो मागे ठेवला. ब्युप्रोपियानने सोडियम कमी होण्याचा धोका कमी मानला जातो, पण ते झटक्यांची शक्यता वाढवते आणि भूकही मंदावते. मिर्टाझापिनमुळे सोडियमवर होणारा परिणाम तुलनेने कमी असतो, झोप आणि भूक दोन्ही सुधारतात, आणि वजन वाढणे हा त्याचा दुष्परिणाम या रुग्णाच्या बाबतीत हवासा होता. चाळिशीतल्या, आधीच वजन जास्त असलेल्या माणसासाठी याच कारणाने मी हे औषध टाळले असते. रुग्णाने खाणेपिणे पूर्ण सोडले किंवा मरणाचे विचार तीव्र झाले तर विद्युत उपचाराचा (ईसीटी) पर्याय राखून ठेवला. ज्येष्ठांमधील तीव्र नैराश्यात तो चांगला आणि लवकर गुण देतो, आणि त्याबद्दलच्या भीतीपोटी तो फार उशिरा सुचवला जातो.

प्रत्यक्षात काय केले

सोडियम हळूहळूच वाढवायचे असते. ते एका दिवसात फार वेगाने चढले तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चोवीस तासांत ८ मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही असे ठरवून दर काही तासांनी तपासणी केली. दुसऱ्या दिवशी ते १२७ झाले, सहाव्या दिवशी १३३.

दुसऱ्या रात्री त्या फार अस्वस्थ झाल्या आणि पलंगावरून उतरू लागल्या. ड्युटीवरील निवासी डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल हे जुने मनोविकारविरोधी औषध द्यावे का असे विचारले. त्यापूर्वी रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र कुठे आहे याची चौकशी झाली. दोन्ही वस्तू पडू नयेत म्हणून कपाटात ठेवलेल्या होत्या. त्या लावल्या, मंद दिवा चालू ठेवला, मुलीला शेजारी बसू दिले. तासाभरात त्या शांत झाल्या. औषध अत्यल्प मात्रेत राखून ठेवले होते, पण लागले नाही.

थायाझाइडऐवजी अम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅमने रक्तदाब आटोक्यात राहिला, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल ठरले. लघवीची घाई थायाझाइड बंद झाल्यावर बरीच कमी झाली. म्हणजे रक्तदाबाच्या औषधाने लघवीची घाई वाढली, तिच्यासाठी ऑक्सिब्युटिनिन आले, आणि त्याने संभ्रमावस्थेला हातभार लावला, अशी आणखी एक जुनी साखळी येथे असावी. हे सिद्ध करता येणार नाही, पण औषधे कमी केल्यावर तक्रारही कमी होते तेव्हा तसा तर्क करणे वाजवी आहे.

दहाव्या दिवशी त्या स्वतः निर्णय घेण्याइतक्या स्पष्ट होत्या. तोपर्यंत सारी चर्चा त्यांच्याभोवती झाली होती, त्यांच्याशी नव्हे. मिर्टाझापिनचे फायदे आणि धोके, सोडियमच्या तपासण्या, परिणाम दिसायला लागणारा वेळ हे सारे त्यांना समजावले. "झोप आणि भूक परत येऊ दे, बाकीचं मी बघते," असे म्हणून त्यांनी होकार दिला. रात्री ७.५ मिलिग्रॅमने सुरुवात केली, दोन आठवड्यांनी १५. सोडियम पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तपासले. ते १३४ ते १३६ च्या दरम्यान राहिले. क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.२५ आणि मग त्याच्या निम्म्यावर आणत आठ आठवड्यांत बंद केले. सोबत एका समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा येत आणि पुढील सात दिवसांत करायच्या दोन-तीन लहान गोष्टी त्यांच्याशी बोलून ठरवत.

सहाव्या आठवड्यात चौथा निर्णय समोर आला. झोप सुधारली होती, दोन किलो वजन वाढले होते, पण मन अजून उभारी धरत नव्हते. घरचे म्हणत होते, "आहे ते बरं आहे, आता वाढवू नका." तरुण रुग्णात चार-सहा आठवड्यांत अर्धवट गुण आला तर मात्रा वाढवण्यास कोणी कचरत नाही, ज्येष्ठांमध्ये मात्र सुरुवातीची सावध मात्राच कायमची ठरते, आणि माणूस दुष्परिणामांचा धोका पत्करूनही पूर्ण बरा होत नाही. कमी मात्रेने सुरुवात आणि संथ वाढ हे बरोबर आहे, पण ती वाढ पुरेशा मात्रेपर्यंत पोहोचली पाहिजे. ज्येष्ठांमध्ये पूर्ण परिणामाला आठ ते बारा आठवडेही लागू शकतात. सोडियम, चालणे आणि रक्तदाब पाहून मात्रा ३० मिलिग्रॅम केली.

परिणाम

बाराव्या आठवड्यात १५ प्रश्नांच्या वार्धक्य-नैराश्य श्रेणीवर गुण ११ वरून ४ वर आले. पाचपेक्षा जास्त गुण नैराश्य सुचवतात. वजन ५० किलो झाले. त्या पुन्हा वाचू लागल्या आणि बहिणीचा फोन घेऊ लागल्या. बँकेचे पुस्तक त्यांनी मुलीकडून परत मागून घेतले. महिने उलटे म्हणण्याची चाचणी त्यांनी न अडखळता पूर्ण केली.

सगळेच मिटले असे नाही. सहा महिन्यांनंतरच्या चाचणीत ताजी यादी आठवण्यात किंचित उणीव राहिली. ज्यांना संभ्रमावस्था येऊन गेली आहे त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त दिसते, त्यामुळे ही उणीव वर्षाने पुन्हा तपासायची आहे. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांची शंका कधीकाळी खरी ठरूही शकते; पण त्या आठवड्यात, सोडियम १२१ असताना, तो निष्कर्ष काढण्याची वेळ नव्हती.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीतच सोडियम तपासले असते तर १३५ हा आकडा समोर आला असता, आणि त्याच्या जोडीला थायाझाइड आहे हे दिसले असते. रक्तदाबाचे औषध आधी बदलून मग नैराश्याचे सुरू करणे आठवड्या-दोन आठवड्यांच्या विलंबाने शक्य होते, आणि त्या काळात संवादाधारित उपचार सुरू करता आले असते. एस्सिटालोप्रामच निवडायचे तर ५ मिलिग्रॅम, सुटी गोळी, आणि क्लोनाझेपाम नाही किंवा ठरावीक दिवसांपुरते. ज्येष्ठांसाठी टाळावयाच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने ती २०२३ मध्ये पुन्हा अद्ययावत केली आहे. क्लोनाझेपाम ज्यात मोडते तो बेन्झोडायझेपिन गट आणि ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे तिच्यात आहेत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक चिठ्ठीसाठी यादी उघडणे होत नाही हे मला ठाऊक आहे. पण सत्तरीपुढच्या व्यक्तीला मनोविकारावरील नवे औषध लिहिताना जुनी सर्व औषधे विचारायला पाच मिनिटे लागतात, आणि येथे तेवढी पुरली असती.

पुनर्भेटीची तारीख हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. महिन्याने बोलावण्याची पद्धत आई आणि मुलगी दोघींसाठी वापरली गेली, आणि खरे तर ती दोघींसाठीही लांबच होती. नैराश्यविरोधी औषधांबाबत अमेरिकेत २००४ मध्ये मुले आणि किशोरांसाठी व २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी आत्महत्येच्या विचारांविषयी इशारा देण्यात आला. त्याच आकडेवारीत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये हा धोका वाढण्याऐवजी घटलेला दिसतो. म्हणजे विशीतल्या रुग्णाला पहिल्या दोन आठवड्यांत बोलवायचे ते मनातले विचार, बेचैनी आणि उन्मादाकडे झुकणारा उत्साह विचारण्यासाठी. सत्तरीतल्या रुग्णाला बोलवायचे ते विचार विचारण्याबरोबरच सोडियम पाहण्यासाठी, उभे राहिल्यावरचा रक्तदाब मोजण्यासाठी आणि दहा पावले चालवून बघण्यासाठी. या रुग्णाला दहाव्या दिवशी कोणी खोलीभर चालवले असते तर भिंतीला धरलेला हात दिसला असता.

घरच्यांना काय सांगितले गेले हेही पाहायला हवे. "थोडी झोप येईल" एवढेच त्यांना सांगितलेले होते. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे, नवा गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे, असे चार ओळींत लिहून दिले असते तर मुलगी आठवडाभर आधी आली असती. आता तिच्याकडे आईच्या औषधांची एकच यादी असते, त्यात विकत आणलेल्या गोळ्याही लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येक डॉक्टरांकडे ती यादी दाखवली जाते.

मिर्टाझापिन किती काळ चालू ठेवायचे हा पुढचा निर्णय आहे. मुलीचे औषध नऊ महिन्यांत थांबले होते आणि तिचे वय आणि नैराश्याची पहिलीच वेळ पाहता ते योग्य होते. उतारवयात आजार उलटण्याची शक्यता जास्त असल्यामुळे बरे वाटल्यापासून किमान वर्षभर पूर्ण मात्रा ठेवण्याचे रुग्णाच्या संमतीने ठरले आहे. त्यानंतर ती कमी करायची असल्यास पतीच्या वर्षश्राद्धाच्या आसपासचा काळ टाळावा, असे त्यांनी स्वतः सुचवले आणि तशी नोंद केसपेपरवर केली आहे.